सैन्यबुडव्या गालास: शिक्षा बरोबर, गुन्हा चुकीचा

तीस वर्षांच्या युद्धाबद्दल (1618 ते 1648, मुख्यतः जर्मनीत, एका बाजूला व्हिएन्नाचा हाब्सबुर्ग सम्राट, दुसऱ्या बाजूला पुढे स्वीडन आणि फ्रान्स) थोडंफार वाचलेल्या माणसाला तीन-चार नावं तरी येतातच, वॉलेन्स्टाइन, टिली, स्वीडनचा गुस्ताव्ह आडोल्फ, फार तर पिकोलोमिनी. सम्राटाचा सेनापती माथियास गालास म्हटलं की मात्र एक तर कोरा चेहरा नाही तर छद्मी हसू, कारण ज्यांना तो माहीत असतो त्यांना एकाच शब्दात माहीत असतो. जर्मनमध्ये तो शब्द आहे हेअरफरडेर्बर, म्हणजे सैन्याची वाट लावणारा, सैन्यबुडव्या. आणि तेही शत्रूच्या सैन्याची नाही बरं का, स्वतःच्याच.

माणूस मेला 1647 मध्ये आणि शिक्का अजून पुसला गेलेला नाही. कुठल्याही जाडजूड इतिहासात बघा, गालासची एन्ट्री झाली की दोन ओळींत दारू, आळस आणि उपाशी सैन्य उरकून लेखक पुढे जातो. माझं म्हणणं असं की हा शिक्का चुकीच्या कागदावर मारलाय. गालास फार सज्जन होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्याच्याविरुद्ध एक चांगला भक्कम खटला उभा राहतो, फक्त तो नालायकपणाचा नाही. त्याच्यावर वड्याचं तेल वांग्यावर काढलं गेलंय.

आधी नेहमीचं आरोपपत्र बघू, कारण ते वरवर बघता भारीच आहे. 1635 साली हा फ्रेंचांच्या मागे लागून लोरेनमध्ये घुसला, ड्यूझ नावाच्या गावाजवळ मोर्चे बांधून बसला, आणि भूक आणि रोगराईने सैन्य अर्धमेलं झाल्यावर थंडीच्या तोंडाला डोंगर ओलांडून परत आला. 1636 मध्ये बर्गंडीवर चाल केली ती इतक्या उशिरा की ऑक्टोबर संपत आलेला, आणि सँ-जाँ-द-लोन नावाच्या एका टिचभर गावाने, मूठभर शिबंदी आणि गावकऱ्यांच्या जोरावर, त्याला अडवून धरलं. वरून धो धो पाऊस, नदीला पूर, परत माघार. त्या गावाला पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात 'बेल डिफान्स', म्हणजे सुंदर बचाव, असं नावच पडलं, म्हणजे याची फजिती थेट नकाशावर गेली. मग 1638 मध्ये बाल्टिक समुद्राकाठचा पोमेरेनिया, आणि 1644 मध्ये डेन्मार्कच्या बाजूच्या होल्श्टाइनची मोहीम जी सगळ्यात वाईट. चार वेळा भरलेलं सैन्य घेऊन गेला आणि चार वेळा सांगाडे घेऊन आला.

आता या चारही प्रसंगांत एक गोष्ट कॉमन आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. यातल्या एकाही ठिकाणी त्याची मुख्य फौज मैदानात समोरासमोर लढून हरलेली नाही. चारही वेळा ती भाकरीला हरली.

भाकरीचा हिशोब एकदा मांडून बघा. त्या काळात सैनिकाचं रोजचं रेशन साधारण किलोभर पाव, वर अर्धा किलो मांस आणि बिअर किंवा वाइन असं धरलं जायचं (कागदावर, मिळेलच असं नाही). वीस हजार सैनिक म्हणजे नुसता पावच रोज 20 टन. शिवाय सैन्यासोबत बायका, पोरं, नोकर, फेरीवाले, गाडीवाले असा लवाजमा असायचा आणि तो कधी कधी सैनिकांपेक्षा मोठा असायचा, त्यांचं पोट वेगळं. आणि घोडे. घोड्याला चारा लागतो तो माणसाच्या जेवणाच्या दहापट वजनाचा, आणि चारा काही गाडीत घालून शेकडो मैल नेता येत नाही कारण गाडी ओढणारे घोडेच वाटेत तो खाऊन टाकतात. म्हणजे सैन्य जिथे उभं आहे तिथल्या मुलखावरच ते जगणार, नाही तर नदीतून नावेने धान्य येणार. तिसरा रस्ता नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं साधं गणित आहे.

गालासच्या आधीचा सम्राटाचा सरसेनापती वॉलेन्स्टाइन, त्याला हे गणित सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कळलं होतं. त्याने मुलखावर पद्धतशीर खंडणी बसवली, प्रागच्या हान्स द विटे नावाच्या सावकाराकडून ॲडव्हान्स उचलला, आणि उत्तर बोहेमियातल्या (बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) फ्रीडलांडच्या त्याच्या स्वतःच्या जहागिरीत बेकऱ्या, दारूगोळा, बूट, कपडा सगळं तयार करून फौजेला पुरवलं. (द विटेची गोष्ट वाईट आहे. 1630 मध्ये सम्राटाने वॉलेन्स्टाइनला काढलं, सावकाराचं क्रेडिट एका फटक्यात कोसळलं, आणि त्याने स्वतःच्या बागेतल्या विहिरीत जीव दिला.) वॉलेन्स्टाइनला परत बोलावलं तेव्हा ही यंत्रणा पूर्वीइतकी राहिली नव्हती, तरी फ्रीडलांड त्याच्या हातात होतंच. गालासच्या हातात फौज आली ती ही यंत्रणा मोडल्यावर. ती कशी मोडली आणि त्यात गालासचा हात किती, तिथे येतोच, तीच तर खरी गोम आहे.

पण आधी 1637-38 बद्दल सविस्तर बोलायला हवं कारण शिक्का खरा तिथे बसला. स्वीडनचा सेनापती होता यूहान बानेर (पुण्यातलं बाणेर नाही, जरा दम धरा). 1637 च्या उन्हाळ्यात बानेर जर्मनीच्या मध्यभागी टोरगाउला अडकला होता, गालास मोठी फौज घेऊन त्याच्यावर आला, आणि बानेर पोमेरेनियाच्या दिशेने पळत सुटला. वाटेत वार्थे नदीपाशी बघतो तर शाही फौज आधीच समोर येऊन उभी. म्हणून त्याने स्वतःची बायको आणि सामानाच्या गाड्या पोलंडच्या सरहद्दीकडे रवाना केल्या, तिकडेच चाललोय असा देखावा केला, आणि स्वतः गुपचूप उलटं फिरून ओडर पार करून निसटला. युरोपभर जोक झाला की यांनी बानेरला पोत्यात तर घातला पण पोत्याचं तोंड बांधायला विसरले. जोक भारी आहे, मान्य. पण त्यानंतर काय झालं ते बघा, कारण त्यानंतर गालासने जवळजवळ अख्खा पोमेरेनिया घेतला आणि स्वीडिश लोक किनाऱ्यावरच्या थोड्या किल्ल्यांत कोंडले गेले. नकाशावर हा विजय आहे. अडचण एवढीच की किनाऱ्याच्या पलीकडे समुद्र होता आणि समुद्र स्वीडनचा होता. बानेरला श्टेटिनसारख्या बंदरांत जहाजाने धान्य येत होतं, गालासच्या पाठीमागे मात्र वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी ओरबाडलेला मुलूख. पोमेरेनिया आणि मेकलेनबुर्ग हे या युद्धात सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशांपैकी, काही भागांत निम्म्याहून जास्त वस्ती नाहीशी झाली. अशा ठिकाणी हजारो माणसं आणि घोडे घेऊन वर्षभर बसायचं, का, तर विजय मिळालाय म्हणून.

त्यात 1638 च्या मार्चमध्ये फ्रान्सने हॅम्बुर्गच्या तहात स्वीडनला वर्षाला 4 लाख राइक्सटालर (तेव्हाची चांदीची नाणी) द्यायचं कबूल केलं. बानेरला स्वीडनहून ताज्या दमाचे साधारण 14 हजार सैनिक मिळाले, नवीन कपडे, रोख पैसे. गालासला काय मिळालं? सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग आता सम्राटाचे दोस्त, तर ते म्हणणार आमच्याकडे फौज उतरवू नका. सम्राटाच्या स्वतःच्या मुलखातले जमीनदार म्हणणार आमच्याकडे तर मुळीच नको. म्हणजे जिंकायचं सगळ्यांसाठी आणि जेवायचं कुणाकडेच नाही. शेवटी गालास मागे फिरला, सायलेशिया-बोहेमियात येऊन थडकला, आणि 1639 मध्ये बानेर त्याच्या मागोमाग केमनित्सची लढाई जिंकत थेट प्रागच्या वेशीपर्यंत. आता सांगा, यात दारूचा रोल किती आणि 4 लाख टालरचा किती?

दारूवरून आठवलं. गालास प्यायचा, भरपूर प्यायचा, तब्येत खराब होती, शेवटच्या वर्षांत तर फारच. हे खोटं नाही. पण बानेर पण बेदम प्यायचा, त्याच्या पिण्याचे किस्से त्याच्या हयातीतच प्रसिद्ध होते, आणि 1641 मध्ये चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याची फौज पगार थकल्यामुळे बंडाच्या काठावर उभी होती. त्याला कुणी सैन्यबुडव्या म्हटलं का? नाही. त्याला म्हणतात धाडसी, रगेल, वादळी. आणि टॉर्स्टेन्सन, बानेरनंतरचा स्वीडिश सेनापती, त्याला संधिवाताने इतकं ग्रासलेलं की घोड्यावर बसता यायचं नाही, पालखीसारख्या डोलीतून उचलून न्यावं लागायचं. (1632 मध्ये शत्रूच्या हाती लागला आणि इंगोलश्टाटच्या कैदेत तब्येतीची वाट लागली ती कायमची.) तो डोलीत बसून युद्ध करतो तर काय ती जिद्द, आणि गालास अंथरुणावर पडला तर आळशी. एकाच्या बाटलीला पराक्रमाचा वास आणि दुसऱ्याच्या बाटलीला नालायकपणाचा, फरक बाटलीत नाहीये, निकालात आहे, आणि निकाल बऱ्याचदा कोषागारात लागलेला असतो.

टॉर्स्टेन्सन मात्र खरंच वेगळा होता, ते कबूल करायलाच हवं, आणि 1644 बद्दल मी गालासची वकिली करणार नाही. झालं असं की टॉर्स्टेन्सन 1643 च्या डिसेंबरमध्ये अचानक डेन्मार्कच्या जटलंडवर तुटून पडला, सम्राटाने ठरवलं की डेन्मार्कला मदत पाठवायची, आणि पाठवलं कुणाला तर गालासला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. स्वतःच्या बोहेमियात खायची मारामार आणि फौज चालली कीलला, जर्मनीच्या पार दुसऱ्या टोकाला. कल्पना मुळात व्हिएन्नाची, ती त्याच्या माथी मारता येत नाही. पण तिथे गेल्यावर टॉर्स्टेन्सनला द्वीपकल्पात कोंडायचं होतं आणि तो याच्या नाकासमोरून निसटून दक्षिणेला गेला, आणि मग उलटंच सुरू झालं, टॉर्स्टेन्सन पाठलाग करतोय आणि गालास एल्बेच्या काठाकाठाने मागे सरकतोय. बेर्नबुर्गला तो छावणीत अडकला. तिथे एक झटका, एखादी लढाई, काहीतरी करायला हवं होतं, तो आठवडेच्या आठवडे बसून राहिला, घोडे मेले, मग तिथून सरकून माग्डेबुर्गमध्ये शिरला. माग्डेबुर्ग! 1631 मध्ये टिलीच्या फौजेने जे शहर जाळून बेचिराख केलं तेच, म्हणजे सम्राटाच्याच बाजूच्या लोकांनी जाळलेल्या शहरात सम्राटाची फौज उपाशी. घोडदळाने बाहेर पडायचा प्रयत्न केला ते नोव्हेंबरमध्ये यूटरबोगला कापलं गेलं, उरलेलं पायदळ कसंबसं बोहेमियात पोहोचलं ते जेमतेम काही हजार. इथे भूगोल, पैसा, तब्येत सगळं धरूनही माणूस चुकला. पुढाकार नावाची गोष्ट त्याच्यात उरली नव्हती, आणि अशा माणसाने कमांड घ्यायला नको होती.

पण मग देणाऱ्याने का दिली? मला नेहमी हा प्रश्न पडतो आणि शिक्का मारणारे याचं उत्तर देत नाहीत. 1639 च्या शेवटी त्याला काढलं, जागी आला सम्राटाचा भाऊ लिओपोल्ड विल्हेल्म, सोबत सम्राटाचा दुसरा सेनापती पिकोलोमिनी, आणि त्या जोडीने 1642 मध्ये ब्राइटेनफेल्डला टॉर्स्टेन्सनसमोर सपाटून मार खाल्ला. मग आठवण कुणाची? गालासची. 1644 नंतर त्याला परत काढलं, हात्सफेल्ट नावाच्या सेनापतीच्या हाती फौज दिली, तर 6 मार्च 1645 ला यांकाउला ती फौज संपली, हात्सफेल्ट स्वतः कैद झाला आणि स्वीडिश सैन्य डॅन्यूबच्या काठावर येऊन व्हिएन्नाकडे बघायला लागलं. मग परत बोलावणं कुणाला? गालासला, मोडलेली फौज गोळा करायला. जो माणूस फौजा बुडवतो म्हणून बदनाम आहे त्यालाच दरवेळी बुडालेली फौज परत उभी करायला बोलावलं जातं, याचा अर्थ एक तर सम्राट मूर्ख होता नाही तर गालासला असं काही येत होतं जे बाकीच्यांना येत नव्हतं. माझ्या मते दुसरं. भरती, बिऱ्हाडं लावून देणं, रागावलेल्या कर्नल लोकांना समजावणं, उधारीवर पावाची सोय करणं, हे काम त्याला जमायचं. तो मॅनेजर होता, तडफदार सरदार नव्हता. वाटाघाटी पण करायचा, इटलीतलं मांतुआचं युद्ध संपवणारा 1631 चा केरास्कोचा तह सम्राटाच्या बाजूने याच माणसाने केला. पण मॅनेजरचे पुतळे कुणी बांधत नाही.

आणि लढाईच म्हणाल तर नॉर्डलिंगेन आहेच की. सप्टेंबर 1634. स्वीडिश सैन्याने आल्बुख टेकडीवर पंधराएक वेळा हल्ला चढवला, टेकडी पडली नाही, शेवटी त्यांची फौज फुटली, सेनापती होर्न पकडला गेला. या एका दिवसाने दक्षिण जर्मनीतली स्वीडनची सत्ता संपली आणि पुढच्याच वर्षी प्रागचा तह झाला, ज्यात सॅक्सनीसारखी जर्मन संस्थानं सम्राटाच्या बाजूला आली. या विजयाचं श्रेय गेलं दोन तरुण आते-मामेभाऊ राजपुत्रांना, दोघांचंही नाव फर्डिनांड, दोघंही पंचविशीच्या आसपासचे, रुबेन्ससारख्या चित्रकाराने त्यांच्या भेटीचं चित्र काढलं. त्यातल्या हंगेरीच्या फर्डिनांडच्या, म्हणजे सम्राटाच्या मुलाच्या, शेजारी उभं राहून फौज हलवणारा अनुभवी माणूस गालास होता. जिंकलो की राजपुत्र जिंकले, उपाशी मेलो की गालासने मारलं. ही वाटणी मला पटत नाही.

मग शिक्का पक्का कुणी केला? थोडा स्वीडनने, कारण स्वीडनने या युद्धाचा अधिकृत इतिहास पगारी माणसाकडून लिहवून घेतला आणि जिंकणाऱ्याला समोरचा बावळट दाखवायला आवडतंच. थोडा व्हिएन्नाच्या दरबाराने, तिथे प्रत्येक पराभवाला एक डोकं लागायचं. आणि बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन इतिहासकारांनी, ज्यांच्यासाठी वॉलेन्स्टाइन हा मोठा शोकांतिकेचा नायक झाला होता. जर्मन नाटककार शिलरच्या नाटकाने तो नायक केला आणि विश्वासघातक्याची भूमिका पिकोलोमिनीला दिली. पिकोलोमिनी निदान खलनायक म्हणून स्टेजवर तरी आला. गालासला स्टेजही नाही, तो पडद्यामागेच, नंतरच्या पुस्तकांत फक्त दारुडा म्हणून डोकावतो. 2006 मध्ये एका ऑस्ट्रियन इतिहासकाराने त्याचं पहिलं मोठं चरित्र कागदपत्रं चाळून लिहिलं, तोपर्यंत साडेतीनशे वर्षं गेली होती.

आता माझा खटला. 1630 च्या जुलैमध्ये सम्राटाच्या फौजेने इटलीतलं मांतुआ घेतलं. मुख्य सेनापती आजारी, प्रत्यक्ष कारभार गालास आणि आल्ड्रिंगेन या जोडगोळीकडे (पुढे दोघं साडूही झाले, आर्को घराण्यातल्या बहिणी केल्या). प्लेगने आधीच अर्धमेलं झालेलं शहर दिवसेंदिवस लुटलं गेलं, तिथल्या राज्यकर्त्या गोन्झागा घराण्याचा खजिना, वस्तू, पुस्तकं, जे हाताला लागेल ते, आणि या दोघांचे खिसे भरले. हे झालं पहिलं कलम.

दुसरं कलम फ्रीडलांडचं. गालासला वर आणलं वॉलेन्स्टाइनने, स्वतःच्या खालोखालचं पद दिलं. 24 जानेवारी 1634 ला सम्राटाने गुप्त फर्मान काढलं की वॉलेन्स्टाइनला पदावरून दूर केलंय आणि तूर्तास सगळ्यांनी गालासचा हुकूम मानायचा. महिन्याभराने, 25 फेब्रुवारीला, बोहेमियातल्या एगर गावात वॉलेन्स्टाइनचा खून झाला. सुरा याने चालवला नाही, पण गालास या कटाच्या केंद्रात होता. आणि मग मेलेल्याची मालमत्ता वाटायला निघाली. पिकोलोमिनीला नाखोद, आणि गालासला? फ्रीडलांड आणि राइशेनबेर्ग. म्हणजे ज्या जहागिरीतल्या बेकऱ्यांनी फौजेला पाव घातला तीच जहागीर तुकडे करून सेनापतींच्या घरात गेली, आणि त्यातला एक घसघशीत तुकडा गालासने उचलला. याला मराठीत मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात.

चारच वर्षांनी पोमेरेनियात सैनिक मेलेल्या घोड्यांचं मांस खात होते. एकट्या फ्रीडलांडने ते वाचले असते असा माझा दावा नाही, तेवढा पाव तिथून पोमेरेनियापर्यंत पोहोचलाच नसता. पण सम्राटाकडे रोख पैसा नव्हता म्हणून त्याने जमिनी वाटून निष्ठा विकत घेतली, आणि जमिनी वाटल्या म्हणून उद्याचा पैसा पण गेला, आणि या सौद्यात गालास घेणारा होता. फौज बुडाली त्यात त्याचा वाटा आहे तो असा, सातबाऱ्यावर नाव लागलेला. त्याच्या वाइनच्या पेल्यात शोधायला गेलात तर सापडणार नाही.

आणि गंमत म्हणजे हा वाटा त्या घराण्याला छान पचला. प्रागला गेलात तर जुन्या शहरात हुसोवा रस्त्यावर क्लाम-गालास पॅलेस बघा. माथियासच्या नातवाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फिशर फॉन एर्लाखसारख्या मोठ्या आर्किटेक्टकडून बांधून घेतलेला, दरवाज्याशी माथियास ब्राउनने कोरलेले आडदांड दगडी पुरुष कमान खांद्यावर पेलून उभे, पोटाच्या पिळदार पट्ट्या, मांड्या अशा की सात जन्मांत भूक शिवली नसेल. गल्ली इतकी अरुंद की पूर्ण दर्शनी बाजू एका फोटोत मावत नाही, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून वर बघावं लागतं.